परिपूर्ण सामना (बेसबॉल)

ज्या बेसबॉल सामन्यात विजयी संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, किमान नऊ डाव टाकतो आणि प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला पहिल्या बेसवर, म्हणजे धावेसाठी गाठाव्या लागणाऱ्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर, पोचू देत नाही, त्या सामन्याला परिपूर्ण सामना म्हणतात. डावात तीन याप्रमाणे २७ फलंदाज ओळीने बाद व्हावे लागतात. फटका (चेंडू मारून सुरक्षितपणे बेस गाठणे), चार बॉलमुळे (ठरलेल्या कक्षेबाहेर पडलेल्या चार चेंडूंमुळे) मिळणारा मोफत बेस, अंगाला लागलेला चेंडू किंवा क्षेत्ररक्षकाची चूक यांपैकी कशानेही एखादा फलंदाज बेसवर गेला, तर ती परिपूर्णता संपते. अमेरिकेतील मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या दोन लाखांहून अधिक सामन्यांत २०२३ च्या हंगामाअखेर असे २४ सामने नोंदले गेले होते. एकाच पिचरने दोनदा ही कामगिरी केल्याचे त्यात उदाहरण नाही.

या प्रकारातील पहिल्या सामन्याचा मान सामान्यतः वुस्टर संघाचा डावखुरा पिचर ली रिचमंड याला दिला जातो. ब्राउन विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या टप्प्यात असताना त्याने १२ जून १८८० रोजी क्लीव्हलँडला १–० असे हरवले. या सामन्यात बिल फिलिप्सचा चेंडू उजव्या बाजूच्या मैदानात गेला होता आणि एरवी तो सहज फटका ठरला असता. परंतु लॉन नाइटने तेथून थेट पहिल्या बेसवर फेक करून त्याला बाद केले. पाचच दिवसांनी प्रॉव्हिडन्सच्या जॉन माँटगोमेरी वॉर्डने बफेलोविरुद्ध हीच कामगिरी केली. मात्र त्या काळचे नियम आजच्याहून बरेच निराळे होते. पिचर अवघ्या ४५ फुटांवरून, हात खांद्यावर न नेता चेंडू टाकत असे, मोफत बेससाठी आठ बॉल पडावे लागत, आणि चेंडू उंच हवा की खाली हे फलंदाज आधी सांगत असे. आजचे ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ मध्ये आले. त्यामुळे काही अभ्यासक १९०१ पासूनचे सामने वेगळे मोजतात आणि साय यंगच्या ५ मे १९०४ च्या सामन्याला पहिले स्थान देतात. दोन्ही गणनांना आधार असला, तरी १८८० च्या दोन सामन्यांना यादीत ठेवून नियमांतील फरक स्पष्ट नमूद करणे अधिक योग्य वाटते.

व्याख्येचा खरा पेच हार्वी हॅडिक्सच्या सामन्याने उभा केला. २६ मे १९५९ रोजी मिलवॉकी येथे पिट्सबर्गच्या या ठेंगण्या डावखुऱ्या पिचरने बारा डावांत ३६ फलंदाज ओळीने बाद केले. त्याच्या संघाने १२ फटके मारले खरे, पण मिलवॉकीच्या लू बर्डेटने एकही धाव होऊ दिली नाही. तेराव्या डावात डॉन होकच्या चुकीच्या फेकीमुळे फेलिक्स मँटिला पहिल्या बेसवर पोचला, एडी मॅथ्यूजने स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्या बेसवर नेले, आणि हँक ॲरनला हेतुपुरस्सर मोफत बेस देण्यात आला. पुढच्या जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापार मारला. परंतु सामना संपला असे समजून ॲरन मधूनच परत वळला आणि ॲडकॉक त्याच्या पुढे गेला. त्यामुळे ॲडकॉक बाद ठरून तो फटका दुहेरी, म्हणजे दोन बेसचा, मानला गेला आणि निकाल १–० असा नोंदला गेला. मिलवॉकीचे खेळाडू त्या दिवशी पिट्सबर्गच्या कॅचरने, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याने, पिचरला केलेल्या खुणा चोरून वाचत होते, असे त्या संघाच्या एका पिचरने पुढे सांगितले. ते खरे असल्यास हॅडिक्सची कामगिरी अधिकच थोर ठरते.

पुढे १९९१ मध्ये मेजर लीगच्या आकडेवारी-समितीने नऊ किंवा अधिक डावांचा सामना शेवटपर्यंत फटक्याविना संपलाच पाहिजे, असे ठरवले आणि हॅडिक्सचे नाव यादीतून वगळले. नोंदींत एकसूत्रीपणा आणण्यासाठी हा नियम समजण्याजोगा आहे. तथापि बारा डावांच्या त्या पिचिंगला तोड नाही, हे बहुतेक जाणकार मान्य करतात.

यादीबाहेरची आणखी दोन उदाहरणे महत्त्वाची आहेत. २३ जून १९१७ रोजी बोस्टनच्या बेब रूथने पहिल्याच फलंदाजाला मोफत बेस दिला आणि पंचाशी भांडून तो मैदानाबाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या अर्नी शोरच्या वेळी तो धावपटू बेस चोरताना, म्हणजे फटक्याविना पुढच्या बेसकडे धावताना, बाद झाला आणि उरलेले २६ फलंदाज शोरने ओळीने बाद केले. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटच्या अर्मांडो गालारागाने २६ बळी मिळवल्यावर सत्ताविसाव्या फलंदाजाला पंच जिम जॉइस यांनी चुकून नाबाद दिले. चूक त्यांनी त्याच रात्री कबूल केली, पण निर्णय बदलला गेला नाही.

यादीतील सर्वच पिचर थोर कारकिर्दीचे नव्हते. डेट्रॉइटला १९२२ मध्ये असे हरवणाऱ्या चार्ली रॉबर्टसनचे एकूण विजय ४९ आणि पराभव ८० आहेत. वर्ल्ड सिरीज या मेजर लीगच्या अंतिम मालिकेतील एकमेव परिपूर्ण सामना १९५६ मध्ये टाकणाऱ्या डॉन लार्सनचेही विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत.

जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये असा पहिला सामना हिदेओ फुजिमोतो याने १९५० मध्ये टाकला. २००७ च्या जपान सिरीज या अंतिम मालिकेत चुनिचीच्या दाइसुके यामाईला आठ परिपूर्ण डावांनंतर बदलण्यात आले आणि नववा डाव हितोकी इवासेने पूर्ण केला. त्या निर्णयावर जपानमध्ये मोठा वाद झाला. २०२२ मध्ये रोकी सासाकी याने विसाव्या वर्षी, १९ फलंदाजांना तीन स्ट्राइकवर (तीनदा वैध चेंडू चुकवल्याने) बाद करून परिपूर्ण सामना टाकला.