कॉमेंट आहे, पण वाचणार कोण?

परवा भाच्याने विचारलं, "मामा, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना दिसतो, मग कोणीही त्यात दुरुस्ती करू शकत असेल ना?" बऱ्याच जणांना असंच वाटतं. पण कोड दिसणं वेगळं आणि कोड कळणं वेगळं, आणि कुठे कळत नाहीये हे हुडकून काढायला लोकांनी छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे एखादंच काम करणारे चिमुकले प्रोग्राम, लिहून ठेवल्यात. त्यातली एक मला इतकी आवडते की आज तिच्याबद्दलच लिहितोय.

लिबरऑफिस बऱ्याच जणांनी वापरलं असेल, वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, मराठी मेनूसकट मिळतं ते. त्याचं मूळ आहे जर्मनीत. १९८५ मध्ये मार्को ब्योरीस या शाळकरी वयाच्या पोराने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली, तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं, २००० मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला आणि २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस वेगळं झालं. जगभरचे लोक हौसेने कोड उघडून बसले तर आत ठिकठिकाणी कॉमेंट्स चक्क जर्मनमध्ये. साहजिकच आहे, लिहिणारे जर्मन होते आणि आपला कोड पुढे कोणी ब्राझीलमध्ये किंवा पुण्यात बसून वाचेल असं तेव्हा त्यांना का वाटावं.

कॉमेंट म्हणजे कोडच्या शेजारी माणसाने माणसासाठी लिहिलेली ओळ. कॉम्प्युटर ती वाचतच नाही, सोडून देतो. त्यामुळे ती नसली, चुकीची असली, नको त्या भाषेत असली तरी प्रोग्राम मस्त चालतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. मी स्वतः एका जुन्या बिलिंगच्या कोडवर काम केलंय, त्यात एक फंक्शन होतं, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, वर एक अक्षर लिहिलेलं नाही, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, आणि टीममध्ये सगळे सांगायचे की चालतंय ना, मग हात लावू नको. मला ही सरळ सरळ अंधश्रद्धा वाटते. कारण माहीत नसताना भीतीपोटी पाळलेला नियम, बाकी काही नाही. त्यावरचा इलाज म्हणजे आधी निदान यादी तरी करा, की कुठे कुठे काहीच लिहिलेलं नाहीये.

लिबरऑफिसच्या कोडमध्ये अशी यादी करणारी एक स्क्रिप्ट आहे, माहिती न लिहिलेले क्लास, म्हणजे कोडमधले नाव दिलेले मोठे गट, शोधणारी. नुसता 'क्लास' हा शब्द शोधून वरच्या ओळीत कॉमेंट आहे का बघितलं तर भागत नाही, कारण तो शब्द कॉमेंटमध्येही येतो, अवतरणातल्या मजकुरातही येतो, आणि कधी कधी 'या नावाचा क्लास दुसरीकडे आहे' एवढं सांगायलाही येतो. आपण शाळेत वाक्यपृथक्करण करायचो ना, उद्देश्य कुठलं, विधेय कुठलं, तसं कोडचं पृथक्करण करावं लागतं. ते काम ही स्क्रिप्ट डॉक्सिजन नावाच्या प्रोग्रामवर सोपवते. डॉक्सिजन कोड वाचून त्यातल्या खास पद्धतीने लिहिलेल्या कॉमेंट्समधून माहितीची पानं बनवतो, आणि जिथे काही सापडत नाही तिथे 'अमुकची माहिती लिहिलेली नाही' अशी वॉर्निंग देतो. स्क्रिप्ट फक्त त्या वॉर्निंग वेचून काढते. झालं.

आता अडचण बघा. कॉमेंट जर्मनमध्ये असेल तर डॉक्सिजनच्या हिशेबाने माहिती आहे! तो तक्रार करणार नाही. पण ज्याला जर्मन येत नाही त्याच्यासाठी ती असून नसल्यासारखी. म्हणून दुसरी स्क्रिप्ट लिहिली गेली, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, जर्मन कॉमेंट शोधणारी, आणि माझी आवडती हीच. लाखो ओळींच्या कोडमधून ही फक्त कॉमेंट्स सोलून काढते आणि एकेक कॉमेंट टेक्स्ट-कॅट नावाच्या एका छोट्या प्रोग्रामला देऊन विचारते, ही भाषा कुठली?

टेक्स्ट-कॅटला जर्मन येत नाही. इंग्लिशही येत नाही. त्याच्याकडे शब्दकोश नाही, व्याकरण नाही. १९९४ मध्ये विल्यम कॅव्हनार आणि जॉन ट्रेंकल या दोघांनी मांडलेली एक युक्ती तो वापरतो. मजकुराचे एक ते पाच अक्षरांचे तुकडे करायचे, त्यांना एन-ग्रॅम म्हणतात. म्हणजे 'नगर' शब्द घेतला तर न, ग, र, मग नग, गर, मग नगर, आणि शब्दाच्या आधीची-नंतरची मोकळी जागासुद्धा एक अक्षर धरायची, म्हणजे 'र आणि शब्द संपला' हाही एक तुकडा. असे सगळे तुकडे मोजायचे आणि जास्त वेळा येणारा वर अशी क्रमवारी लावायची. मोठ्या मजकुरातून प्रत्येक भाषेची अशी पहिल्या तीनशे-चारशे तुकड्यांची यादी आधीच करून ठेवलेली असते. विषय कुठलाही असो, या यादीचा वरचा भाग फारसा बदलत नाही, कारण तिथे भाषेतले रोजचे शब्द आणि प्रत्यय असतात. मराठी मजकूर क्रिकेटचा असो की कांद्याच्या भावाचा, 'आहे' आणि 'च्या' येणारच, हिंदीत तसेच 'है' आणि 'में'. लिपी एकच, तरी दोन्ही याद्या वेगळ्या पडतात.

मग नव्या कॉमेंटचीही तशीच यादी करायची आणि प्रत्येक भाषेच्या यादीशी लावून बघायची. समजा कॉमेंटमध्ये 'ई-एन' हा तुकडा तिसरा आला, जर्मनच्या यादीत तो पहिला आहे आणि इंग्लिशच्या यादीत विसावा, तर जर्मनशी अंतर दोन, इंग्लिशशी सतरा. तुकडा यादीत नसेलच तर ठरावीक मोठा दंड. सगळ्या तुकड्यांच्या अंतरांची बेरीज करायची आणि जिची बेरीज सगळ्यात कमी ती भाषा. बस, वजाबाकी आणि बेरीज! आणि एवढ्यावर त्या दोघांना युजनेटवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांमधल्या, लेखांची भाषा ९९.८ टक्के वेळा बरोबर ओळखता आली होती. आजकाल काहीही झालं की 'एआयला भाषा समजते' म्हणतात, त्यांनी हे एकदा वहीवर करून बघावं. न समजताही किती काम होतं ते कळेल.

अर्थात चार शब्दांची कॉमेंट असेल तर तुकडेच इतके कमी की क्रमवारीला काही अर्थ राहत नाही, जर्मनला डचही म्हटलं जाऊ शकतं. म्हणून स्क्रिप्ट फार छोट्या कॉमेंट सोडूनच देते. कॉमेंट करून बंद ठेवलेला जुना कोडही असल्या मोजणीला फसवू शकतो. म्हणजे स्क्रिप्टने झेंडा लावायचा, निर्णय माणसाने घ्यायचा. लिबरऑफिसने हे काम नव्या लोकांसाठी 'इझी हॅक' म्हणून ठेवलं होतं, बग क्रमांक ३९४६८, कोड फारसा न कळताही जर्मन येणाऱ्याला हातभार लावता यावा म्हणून.

'आमचा कोड १०० टक्के डॉक्युमेंटेड' असं कोणी मिरवलं तर मला मात्र धास्ती वाटते. वॉर्निंग गप्प करायला 'गेटनेम: नेम गेट करतं' अशा ओळी भरता येतात, आता तर त्या बसल्या बसल्या एआयकडून हजारोंनी भरून मिळतात, आणि खरी रिकामी जागा यादीतून कायमची गायब होते. रिकामी दिसणारी जागा त्यापेक्षा बरी.

आणि दोन्ही स्क्रिप्टना न दिसणारी एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे नावं. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे त्यातल्या स्प्रेडशीटमध्ये, कर्ज-व्याजाच्या हिशेबाच्या फंक्शनांना कोडच्या आत बी-डब्ल्यू, आर-एम-झेड अशी नावं होती. बी-डब्ल्यू म्हणजे 'बारव्हेर्ट', भावी पैशांची आजची किंमत, इंग्लिश स्प्रेडशीटमध्ये ज्याला पीव्ही म्हणतात ते. आर-एम-झेड म्हणजे कर्जाचा हप्ता, पीएमटी. नाव ही कॉमेंट नाही, त्यामुळे दोन-तीन अक्षरांत लपलेलं जर्मन कुठल्याच यादीत आलं नाही. ती नावं पुढे बदलली गेली.