ठासणीच्या बंदुकीचे गंजरक्षण

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची बंदूक. तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी), चकमकीची (गारेच्या ठिणगीने पेटणारी) आणि टोपीची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटक टोपीची) हे तिचे मुख्य प्रकार. तिची नळी, कान (बुडाशी असलेले, दारूपर्यंत आग पोचवणारे छिद्र) आणि चाप-घोड्याची यंत्रणा गंजू नये म्हणून करायची धुलाई, तेल, चरबी, मेण यांचा लेप आणि ठेवण्याची रीत या नोंदीत नाशिक जिल्ह्याच्या हवामानाच्या संदर्भात दिली आहे. बहुतेकांचा सगळा भर तेलावर असतो. प्रत्यक्षात नळी वाचते ती धुण्याने. जळलेल्या दारूच्या क्षारावर चोपडलेले तेल गंज फक्त झाकते, आत तो वाढतच राहतो.

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के शोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. ती जळाल्यावर वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन क्षारांच्या रूपात उरतो. त्यातला काही धुरातून निघून जातो, बाकीचा नळीला आतून चिकटतो. त्यातले पोटॅशियम कार्बोनेट हवेची आर्द्रता सुमारे ४३ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून पाघळू लागते. स्वच्छ लोखंड साधारण ६० टक्के आर्द्रतेपर्यंत तग धरते, क्षाराचा थर बसलेले लोखंड त्याच्या आधीच गंजू लागते. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. त्यामागे राहणारे क्लोराइड मिठाइतकेच घातक असते आणि ते नेमके टोपी बसवायच्या जागी आणि कानात साचते.

नाशिक जिल्ह्यात ही अडचण तालुक्यागणिक बदलते. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर येवला आणि मालेगाव पर्जन्यछायेत येतात. येवल्यात वर्षभर पुरणारा तेलाचा हात पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूला आषाढ-श्रावणात पुरत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणखी एक गोष्ट आडवी येते. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, आणि खुंटीला टांगलेल्या बंदुकीची भिंतीला टेकलेली बाजू आधी तांबूस होते. भिंत आणि नळी यांत चार बोटे अंतर ठेवले तरी मोठा फरक पडतो.

बंदूक हातात घेतल्यावर पहिले काम ती भरलेली आहे का ते पाहण्याचे. तोंड कोणाकडेही न करता गज आत सोडून तोंडापाशी खूण करावी आणि तोच गज नळीच्या बाहेरून धरून पाहावा. त्याचे टोक कानापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे असेच धरावे. पिढ्यान्पिढ्या माळ्यावर पडून राहिलेली दारूही पेट घेऊ शकते. अशा बंदुकीला तापवणे, ठोकणे, खरवडणे सपशेल वर्ज्य. पोलिसांना कळवून परवानाधारक कारागिराकडूनच ती रिकामी करून घ्यावी.

वापरलेली बंदूक त्याच दिवशी धुवावी. दारूचा मळ पाण्यात विरघळतो, तेलात नाही. नळी दस्त्यापासून सुटी होत असेल तर तिचे बूड बादलीत बुडवून गजाला ओली चिंधी गुंडाळतात आणि वरखाली करतात. चिंधी वर येताना कानातून पाणी आत खेचले जाते आणि खाली जाताना काळे, सडक्या अंड्यांच्या वासाचे पाणी बाहेर पडते. हा वास गंधकाच्या संयुगांचा. तो आणि काळेपणा दोन्ही जाईपर्यंत पाणी बदलत राहायचे. बुडाच्या कोपऱ्यात चिंधी नीट पोचत नाही आणि बहुतेक नळ्या तिथूनच खाल्ल्या जातात, म्हणून तिथे जास्त वेळ द्यावा. शेवटचे पाणी गरम घेतले तर नळी तापून लवकर कोरडी होते. मात्र तापल्या नळीवर क्षणात पिवळसर गंज धरू शकतो, म्हणून कोरड्या चिंध्या आणि तेलाची चिंधी आधीच हाताशी ठेवावी.

लेप कोणता लावायचा ते बंदुकीच्या उपयोगावर ठरते. चालती बंदूक असेल तर नेमबाज पूर्वीपासून चरबी आणि मधमाशीच्या मेणाचे मिश्रण किंवा न सुकणारे वनस्पती तेल पसंत करतात, कारण खनिज तेल दारूच्या मळात मिसळले की डांबरासारखा चिकट थर बसतो असा त्यांचा अनुभव आहे. १८५७ साली एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरच्या चरबीवरून असंतोष उफाळला, तेव्हा शिपायांनी आपल्या पसंतीचे तेल-मेण लावावे अशी मुभा सरकारला द्यावी लागली होती.

घरातले प्रत्येक तेल चालत नाही. जवस आणि करडईचे तेल हवेने सुकून कडक होते. जवस लाकडी दस्त्याला उत्तम, पण यंत्रणेत गेले की घोडा अडकतो. खोबरेल २४ अंशांखाली थिजते आणि निफाडच्या थंडीत पारा दहाच्या बराच खाली जातो. एरंडेल लोखंडाला छान धरून राहते, पण दाटपणामुळे यंत्रणा जड करते. जुने तूप किंवा खवट तेल पितळी पट्ट्यांवर हिरवा थर आणते. भरण्यापूर्वी मात्र नळीतला लेप पूर्ण पुसून काढावाच लागतो, नाहीतर दारू ओलावते आणि बार उशिरा होतो.

वापरात नसलेली बंदूक पूर्ण धुऊन-वाळवून तिला शुद्ध खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावणे योग्य. संग्रहालयांत मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून बनणाऱ्या बारीक कणांच्या मेणाचा) पातळ थर देतात. तो ओघळत नाही आणि धूळही कमी धरतो. तेल लावलेली बंदूक तोंड वर करून उभी ठेवली तर तेल उतरून दस्त्यात मुरते आणि लाकूड मऊ पडते. चामड्याच्या किंवा लोकरी गवसणीत ती बांधून ठेवू नये, कारण गवसणी ओल धरून ठेवते.

खंडेनवमीला शस्त्रे उजळण्याची चाल आहे. त्या हौसेत चिंच, राख किंवा विटेची पूड वापरली जाते आणि त्यात मोठे नुकसान होते. अनेक जुन्या नळ्यांवरचा तपकिरी रंग हा मुद्दाम चढवून तेल-मेणाने बसवलेला गंजाचाच संरक्षक थर असतो. चिंचेच्या आम्लाने तो उतरला की कोरे लोखंड उघडे पडते आणि नक्षीही झिजते. पूजेतले ओले हळद-कुंकू आणि बोटांचे ठसे त्याच संध्याकाळी पुसून पुन्हा मेणाचा हात फिरवावा.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या कालबाह्य शस्त्राला त्यातून सूट मिळते. म्हणून गंजलेली यंत्रणा सोडवून चालती करण्याआधी तिची नोंद कोणत्या प्रकारात आहे ते तपासून घ्यावे.