डॉट आणि क्रॉसच्या मागची भांडणं: सदिश राशीची पार्श्वभूमी

पावसाळ्यात गंगेला पाणी वाढलं (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात), की घाटावरची पोरं समोरच्या पायरीवर नेम धरून उडी टाकतात. सरळ पलीकडे हात मारत गेलेला पोरगा बाहेर येतो तो बराच खाली. त्याचा वेग आणि पाण्याचा वेग यांची बेरीज मधल्या मध्ये झालेली असते. काटकोनात ३ आणि ४ मिळवले तर ७ नव्हे, ५ येतात. अशा, दिशेसकट मोजायच्या राशी म्हणजे सदिश. वस्तुमान, तापमान या अदिश.

बेरजेचा हा नियम जुना आहे. न्यूटन यांच्या १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त बलांचा समांतरभुज चौकोन सुरुवातीलाच येतो. अशा राशींना नाव मात्र नव्हतं.

ते दिलं आयरिश गणिती विल्यम हॅमिल्टन यांनी. तीन-तीन संख्यांचे गट गुणायचे कसे, यावर त्यांची वर्षं गेली होती. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनच्या कालव्याकाठी पत्नीबरोबर चालताना सुचलं, की तीन नव्हे, चार लागतात. सूत्र त्यांनी तिथंच पुलाच्या दगडावर कोरलं. हे चार-चार संख्यांचे गट म्हणजे क्वाटर्निअन. त्यातल्या एकट्या संख्येला त्यांनी ‘स्केलर’ म्हटलं, उरलेल्या तिघांना ‘व्हेक्टर’. लॅटिनमध्ये व्हेक्टर म्हणजे वाहून नेणारा; डेंग्यूच्या डासालाही म्हणूनच व्हेक्टर म्हणतात. आपला ‘सदिश’ मला जास्त सरळ वाटतो, मुद्दा नावातच आहे.

पुढच्याच वर्षी जर्मनीत ग्रासमन या शिक्षकाचं, कितीही मितींना चालेल असं सदिशांच्या गणिताचं पुस्तक आलं. ते इतकं जड होतं की उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या.

अकरावीतली पोरं सदिशांच्या गुणाकाराची डॉट (उत्तर नुसती संख्या) आणि क्रॉस (उत्तर सदिश) अशी दोन वेगळी सूत्रं घोकतात. मुळात तो एकच गुणाकार. हॅमिल्टन यांच्या पद्धतीनं दोन सदिश गुणले, की उत्तरात एक संख्या आणि एक सदिश मिळतो. संख्येला उणे चिन्ह असतं. अमेरिकेत गिब्ज यांनी आणि इंग्लंडमध्ये एकेकाळी तारयंत्रावर काम केलेल्या हेविसाइड यांनी त्याचे दोन तुकडे केले, उणे चिन्ह टाकून दिलं. गिब्ज यांनी आपल्या टिपणांचा पहिला भाग १८८१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी छापला. हॅमिल्टनभक्त टेट इतके चिडले, की १८९० मध्ये त्यांनी या पद्धतीला चक्क राक्षस म्हटलं. पुढं काही वर्षं जाहीर खडाजंगी चालली. १९०१ मध्ये गिब्ज यांचे विद्यार्थी विल्सन यांनी पाठ्यपुस्तक काढलं आणि वर्गात हीच पद्धत रुजली.

गंगापूर धरणाच्या बातमीत विसर्ग क्युसेकमध्ये येतो. तो आकडा अदिश: पाण्याचा वेग सदिश, दरवाजाचं क्षेत्रफळही दिशेसकट घेतलेलं, आणि दोघांचा डॉट. घाटावर मात्र क्युसेक कुणी विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, एवढंच विचारतात.