रबराच्या रोपांमध्ये आंतरपीक घेतलं तर रबर खुंटतो?

ही समजूत फार जुनी आहे: रबराच्या ओळींत दुसरं पीक घेतलं की ते रोपांचं खत-पाणी खातं आणि चीक उशिरा मिळतो. हे खरं नाही.

खोडाचा घेर साधारण 50 सेंमी झाला की चीक काढायला सुरुवात होते, आणि त्याला सहा-सात वर्षं लागतात. पहिली तीनेक वर्षं ओळींमध्ये भरपूर ऊन पडतं. तिथे पीक नसेल तर तण माजतं, आणि खरा अन्नचोर तेच. केळी, अननस, मका किंवा शेंगवर्गीय पीक घेतलं की शेतकरी आपसूक तिथे खुरपणी करतो, खत घालतो. त्याचा लाभ रबरालाही होतो. श्रीलंकेत केळीसोबत वाढवलेल्या रबराची वाढ मुळीच मागे पडली नाही.

मग ही समजूत आली कुठून? चुकीच्या लागवडीतून. पीक अगदी बुंध्याला भिडवलं, वेगळं खत दिलं नाही, तर रोपं पिवळी पडणारच. दोन्ही बाजूंना मीटर-दीड मीटर जागा मोकळी सोडा. कसाव्याबाबत (ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो ते पीक) मात्र जपून: रबराच्या मुळांना लागणारी पांढरी बुरशी त्यावरही पोसते. सावली दाटली की आंतरपीक थांबवा.