कॅनडात तात्पुरत्या वर्क परमिटवर आहात? मग इन्कम टॅक्सचं हे वाचा

परमिट तात्पुरतं आहे म्हणून कॅनडात रिटर्न भरायला नको, ही समजूत आधी डोक्यातून काढा. पगारातून टॅक्स कापला गेला म्हणजे आपलं काम संपलं, हीसुद्धा. इमिग्रेशनच्या कागदावर तुम्ही तात्पुरते असलात, तरी कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी (सीआरए) करासाठी तुम्हाला रहिवासी धरू शकते. सगळी गणितं तिथूनच सुरू होतात.

रहिवासी कोण, हे ठरतं तिथल्या तुमच्या संबंधांवरून. राहतं घर, पती किंवा पत्नी आणि तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं यांना सर्वांत जास्त वजन. बँक खातं, लायसन्स, हेल्थ कार्ड हे त्यानंतर. १८३ दिवसांचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण तो असे ठोस संबंध नसलेल्यांसाठी आहे. समजा, तुम्ही सप्टेंबरमध्ये कुटुंबासह आलात आणि घर भाड्याने घेऊन राहू लागलात. त्या वर्षात १८३ दिवस भरणारच नाहीत, तरीही साधारणपणे आल्या दिवसापासून तुम्ही रहिवासी. कुटुंब भारतात आणि नोकरीचा करार थोड्या महिन्यांचा असेल, तर मात्र निर्णय इतका सरळ नसतो. भारत आणि कॅनडा यांच्यातल्या कर करारातली कलमंही बघावी लागतात. अशा वेळी एनआर-७४ फॉर्म भरून सीआरएचं मत मागवता येतं. सक्तीचं नाही, पण शंका असेल तर मागवाच.

रहिवासी ठरलात की त्या तारखेपासूनचं जगभरातलं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं. भारतातल्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याजही त्यात आलं. भारतात जे करमुक्त, ते कॅनडातही करमुक्त, असं धरून चालू नका. पीपीएफचं व्याज इथेच अनेकांच्या नजरेतून सुटतं. भारतात भरलेल्या कराची वजावट फॉरेन टॅक्स क्रेडिटमधून मिळू शकते, म्हणून टीडीएसचे कागद जपून ठेवा. अनिवासी ठरलात तर फक्त कॅनडातल्या उत्पन्नाचा हिशेब, म्हणजे मुख्यतः तिथला पगार.

कागदांत पहिला सोशल इन्शुरन्स नंबर, म्हणजे सिन. तात्पुरत्या कामगारांचा सिन ९ ने सुरू होतो आणि परमिटबरोबरच त्याची मुदत संपते. परमिट वाढलं की सिनची मुदतही सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयाकडून वाढवून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. नोकरीला लागताना मालक टीडी-१ फॉर्म भरून घेतो, पगारातून किती कर कापायचा हे त्यावरून ठरतं. दोन नोकऱ्या करत असाल तर मूळ वैयक्तिक सवलत (प्रत्येकाला करात मिळणारी मूळ सूट) एकाच टीडी-१ वर मागा. दोन्हीकडे मागितली तर दर पगाराला कर कमी कापला जातो आणि एप्रिलमध्ये एकदम भरावा लागतो.

फेब्रुवारीअखेर मालकाकडून टी-४ स्लिप यायला हवी. तिच्यातल्या १४ नंबरच्या चौकटीत एकूण पगार असतो आणि २२ नंबरच्या चौकटीत कापलेला कर. पगाराच्या पावत्यांशी हे आकडे स्वतः ताडून बघा. स्लिप आली नाही म्हणून थांबू नका, त्याच पावत्यांवरून हिशेब करून रिटर्न भरा. पहिल्या रिटर्नमध्ये कॅनडात आल्याची तारीख लिहायची असते आणि त्या वर्षी येण्याआधी झालेली कमाईही सांगावी लागते. त्या कमाईवर कर नाही, पण सवलती किती मिळणार हे त्यावर ठरतं.

मुदत ३० एप्रिल. उशीर झाला आणि कर देणं असेल, तर थकबाकीच्या ५ टक्के दंड, शिवाय प्रत्येक पूर्ण महिन्याला १ टक्का (जास्तीत जास्त १२ महिने) आणि वर व्याज. देणं काहीच नसलं तरी रिटर्न भरावं, असं मी आग्रहाने सांगेन. जास्तीचा कापलेला कर त्याशिवाय परत मिळत नाही आणि सरकारी लाभही रिटर्नवरच अवलंबून असतात. मुलं असतील तर कॅनडा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता बघा. त्यासाठी तात्पुरत्या रहिवाशाचं आधीचे १८ महिने कॅनडात वास्तव्य लागतं आणि एकोणिसाव्या महिन्यात परमिट वैध लागतं. उत्पन्न कमी आणि हिशेब साधा असेल, तर स्वयंसेवकांची मोफत कर शिबिरं रिटर्न भरून देतात.

क्युबेक प्रांतात असाल तर तिथल्या कर खात्याकडे, म्हणजे रेव्हेन्यू क्युबेककडे वेगळं प्रांतिक रिटर्नही भरावं लागतं.

कायमचं परतताना सीआरएला निघण्याची तारीख कळवा, नाहीतर जास्तीचे मिळालेले लाभ नंतर परत करावे लागतात. मालकाकडे भारतातला पत्ता देऊन ठेवा, कारण शेवटची टी-४ तुम्ही निघून गेल्यावर येणार आणि त्या वर्षाचं रिटर्न पुढच्या ३० एप्रिलपर्यंत भारतातून भरावं लागणार. हे सगळे कागद सहा वर्षं सांभाळायचे असतात.