पार्श्वभूमी: ऑब्झर्वेशनल पेपरची वर्गातली चिरफाड कुठून आली

संख्याशास्त्राच्या कोर्समध्ये सेमिस्टर संपत आलं की एक असाइनमेंट हमखास येते. छापून आलेला एखादा ऑब्झर्वेशनल पेपर (म्हणजे लोकांवर प्रयोग न करता नुसतं निरीक्षण करून लिहिलेला) घ्यायचा, दहा-पंधरा मिनिटांत वर्गापुढे मांडायचा आणि मग त्यातल्या उणिवा काढायच्या. बायोस्टॅटवाल्यांकडे (वैद्यकातलं संख्याशास्त्र करणाऱ्यांकडे) हे पूर्वीपासूनच आहे, आता सायकॉलॉजी, इकॉनॉमिक्स, पब्लिक हेल्थ सगळीकडे पोचलंय. शेवटच्या स्लाइडवर काय असतं ते पण सगळ्यांना पाठ आहे: सँपल छोटं, कन्फाउंडिंग (कारण आणि परिणाम दोन्हींवर असर करणारा तिसराच घटक) राहिलं असेल, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणखी संशोधन हवं, थँक्यू. ही स्लाइड पेपर न वाचता पण बनवता येते आणि मार्कही बरे पडतात, गोम तिथेच आहे.

जुना इतिहास थोडक्यात. जर्नल क्लब हा प्रकार डॉक्टरांचा. १८७० च्या दशकात मॉन्ट्रियलच्या एका तरुण प्राध्यापकाने सुरू केला तो मुळात एवढ्याचसाठी की परदेशी जर्नल्स एकट्याच्या खिशाला परवडत नव्हती, मग वर्गणी काढून मागवायची आणि मिळून वाचायची. त्यात चिकित्सा वगैरे फारशी नव्हती, काय नवीन आलंय ते कळावं एवढाच हेतू. पेपर तपासायचा, त्याची पद्धत उलटसुलट करून बघायची हे १९८० च्या आसपास कॅनडातल्या एका मेडिकल कॉलेजने लेखमाला छापून शिकवायला घेतलं, आणि पुढे १९९० च्या दशकात पुराव्यावर आधारित वैद्यक ही चळवळ झाली तेव्हा ते जगभर गेलं. संख्याशास्त्रवाले त्यात उशिरा आले, कारण त्यांच्या पुस्तकात डेटा आधीच टेबलात मांडून दिलेला असायचा आणि तो कुठून आला हे विचारायची सोय नव्हती.

आता सिगारेट. सिगारेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे कसं ठरलं, ते प्रकरण. १९५० चा लंडनचा केस-कंट्रोल (आजार असलेल्यांची तो आजार नसलेल्यांशी, म्हणजे कंट्रोलशी, तुलना), ७०९ पेशंट आणि ७०९ कंट्रोल, मग १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना पोस्टाने फॉर्म पाठवले, साधारण साठ हजार पाठवले त्यातले चाळीस हजारावर परत आले. १९५४ ला पहिला निकाल छापला तेव्हा फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू होते फक्त ३६. आजच्या वर्गात कुणीतरी लगेच हात वर करेल, मृत्यू कमी आहेत आणि डॉक्टर म्हणजे काही सगळी जनता नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींनी निष्कर्षाला ओरखडाही येत नाही, कारण तुलना डॉक्टरांची डॉक्टरांशीच होती.

खरी टीका वेगळ्याच माणसाने केली. ज्याच्या नावाची टेस्ट आपण पहिल्याच सेमिस्टरला शिकतो तो गृहस्थ, संख्याशास्त्रज्ञ फिशर, १९५७-५८ ला उभा राहिला आणि म्हणाला की सिगारेट ओढायची आवड आणि कॅन्सर दोन्हींच्या मुळाशी एखादा आनुवंशिक घटक असू शकतो. शिवाय १९५० च्याच डेटात त्याने एक विचित्र गोष्ट दाखवली, कॅन्सरच्या पेशंटपैकी धूर आत ओढतो म्हणणारे कंट्रोलपेक्षा थोडे कमीच होते. (तो तेव्हा तंबाखू कंपन्यांचा सल्लागार होता हे वर्गात सांगतातच, पण ते सांगून त्याच्या मुद्द्याचं उत्तर होत नाही.) उत्तर १९५९ ला अमेरिकेतून आलं आणि ते अजूनही या सगळ्या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं गणित आहे. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि सिगारेट स्वतः निर्दोष असेल, तर तो लपलेला घटक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट जास्त आढळला पाहिजे. असा घटक दाखवा! कुणी दाखवला नाही. म्हणजे कन्फाउंडिंग असू शकतं एवढं बोलून भागत नाही, ते केवढं असावं लागेल हे पण सांगावं लागतं, हे १९५९ लाच ठरून गेलं होतं. वर्गातल्या स्लाइडवर ते अजून आलेलं नाही ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडचं एक उदाहरण याच रांगेतलं आहे. १९९० च्या दशकात मुंबईत मतदारयाद्या घेऊन घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरच्या लोकांची तंबाखूची सवय नोंदवली, सुरुवातीच्याच टप्प्यात जवळपास एक लाख माणसं, आणि पाच-सहा वर्षांनी परत जाऊन कोण वारलं ते बघितलं. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते ही समजूत त्यात टिकली नाही, बिडीवाल्यांचा धोका उलट जास्तच निघाला. या अभ्यासात श्रीमंत सोसायट्यांचे बरेच भाग सोडून दिले होते, कारण तिथे आत जाऊ देत नसत. वर्गात हा पेपर घेतला की सगळे याच्यावरच तुटून पडतात, सँपल प्रातिनिधिक नाही म्हणून. मुंबईत किती टक्के लोक बिडी ओढतात असा प्रश्न असता तर ही उणीव जबर होती. पण प्रश्न होता त्याच वस्त्यांतल्या ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या माणसांत मृत्यू किती फरकाने होतात. तिथे विचारायचं ते हे की बिडी ओढणारा आणि न ओढणारा यांच्यात शिक्षणाचा, कामाचा फरक किती आणि तो धरल्यावर आकडा किती हलतो.

१९८१ चा कॉफीचा पेपर तर टीका शिकवायला बनवल्यासारखाच आहे. बॉस्टन आणि ऱ्होड आयलंडमधली हॉस्पिटलं, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ३६९ पेशंट, ६४४ कंट्रोल, रोज तीन किंवा जास्त कप पिणाऱ्यांना धोका २.७ पट. आणि कंट्रोल कोण? त्याच डॉक्टरांकडे दुसऱ्या आजारासाठी ॲडमिट झालेले लोक, आणि हे डॉक्टर बहुतेक पोटाच्या विकारांचे. ज्याला अल्सर आहे, ॲसिडिटी आहे तो कॉफी सोडतोच, नाहीतर डॉक्टर सोडायला लावतो. म्हणजे कंट्रोलमध्ये कॉफी मुळातच कमी, मग कॅन्सरवाल्यांची जास्त दिसणारच. त्याच गटाने १९८६ ला परत बघितलं तेव्हा तो संबंध टिकला नाही. इथे टीकेत सगळं आहे, पक्षपात कुठून शिरला, कुठल्या दिशेने ढकलतो, आणि तपासायचं कसं.

आता ज्या प्रकरणाने ही असाइनमेंट आजच्या रूपात आली ते म्हणजे पाळी गेल्यावर घ्यायची हार्मोनची गोळी. यावर जरा जास्त बोलतो कारण वर्गात याचा जो सारांश सांगतात तो अर्धाच आहे.

अमेरिकेत १९७६ पासून एक लाख वीस हजाराच्या वर नर्सेसना दर दोन वर्षांनी फॉर्म जात होते. १९८५ ला त्यातल्या ३२,३१७ जणींवर पेपर आला की हार्मोन घेणाऱ्यांना हृदयविकार बराच कमी. गंमत म्हणजे जर्नलच्या त्याच अंकात दुसऱ्या एका जुन्या कोहॉर्टचा (वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या गटाचा) पेपर होता आणि तो नेमका उलटं सांगत होता, धोका वाढतो म्हणून. एकाच अंकात, काही पानांच्या अंतराने! पुढे गाजला तो पहिला. १९९१ ला नर्सेसचाच दहा वर्षांचा निकाल आला, सध्या हार्मोन घेणाऱ्यांचा धोका ०.५६, म्हणजे जवळपास निम्मा, आणि डॉक्टर निर्धास्तपणे गोळ्या लिहू लागले. १९९८ ला आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांवर ट्रायल झाली (गोळी कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात ती रँडमाइज्ड चाचणी), फायदा दिसला नाही. आणि जुलै २००२ मध्ये १६,६०८ बायकांची मोठी रँडमाइज्ड ट्रायल सरासरी ५.२ वर्षांनी मध्येच थांबवली, हृदयविकाराचा धोका १.२९, स्तनाचा कॅन्सर १.२६, स्ट्रोक १.४१. प्रिस्क्रिप्शन धडाधड उतरली.

यानंतर दोन-तीन वर्षांत ही गोष्ट प्रत्येक कोर्सच्या पहिल्या लेक्चरला जाऊन बसली. सारांश असा की बघा, ऑब्झर्वेशनल अभ्यास तोंडावर आपटला, हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच जास्त शिकलेल्या, पैशाने बऱ्या, तब्येतीला जपणाऱ्या, म्हणून त्यांचं हृदय चांगलं दिसलं, ट्रायल आली आणि सत्य बाहेर पडलं. सुटसुटीत आहे, परीक्षेत विचारायला सोपं आहे.

पण याच नर्सेसच्या डेटातून १९९५ लाच स्तनाच्या कॅन्सरचा वाढीव धोका छापून आला होता. स्ट्रोकचा पण वाढलेला दिसला होता, ट्रायलच्या आधी. म्हणजे त्याच बायका, तेच फॉर्म, तेच विश्लेषण करणारे लोक, आणि कॅन्सर-स्ट्रोकमध्ये ट्रायलशी जुळलं, फक्त हृदयात फसलं. नुसतं आरोग्याची काळजी घेणाऱ्या बायका म्हणून भागलं असतं तर स्ट्रोकमध्ये पण फायदाच दिसायला हवा होता ना? हे वर्गात कुणी सांगत नाही. मला तरी शिकताना कुणी सांगितलं नव्हतं.

मग २००८ ला त्याच डेटाचं एक नवीन विश्लेषण आलं. त्यांनी काय केलं तर ट्रायलमध्ये जसं घड्याळ सुरू होतं तसं सुरू केलं. जुन्या पेपरमध्ये तुलना होती सध्या घेणाऱ्या विरुद्ध कधीच न घेतलेल्या अशी. सध्या घेणाऱ्या म्हणजे कोण, तर बहुतेक अशा ज्या कित्येक वर्षं घेतायत आणि टिकल्यात. ज्यांना सुरू केल्यावर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत हार्ट ॲटॅक आला त्या गेल्या किंवा त्यांनी गोळी बंद केली, त्या या गटात दिसायच्याच कमी. नवीन विश्लेषणात गोळी सुरू केल्याच्या दिवसापासून मोजलं, पुढे बंद केली तरी त्याच गटात ठेवलं. पहिल्या दोन वर्षांत धोका वाढलेला दिसला, संपूर्ण काळ धरला तर फरक जवळपास उरला नाही, म्हणजे ट्रायलच्या बऱ्यापैकी जवळ आलं. शिवाय ट्रायलमधल्या बायका सरासरी ६३ वर्षांच्या आणि नर्सेसनी गोळी घेतली ती पाळी गेल्या गेल्या, हा वयाचा मुद्दा वेगळाच, आणि त्यावर अजूनही भांडण चालू आहे. कन्फाउंडिंग अजिबात नव्हतं असं कुणीच म्हणत नाही. पण सगळ्यात मोठी गडबड होती घड्याळ कधी सुरू केलं याची, आणि ती पेपरच्या मेथड्स सेक्शनमध्ये उघड लिहिलेली होती, वाचणाऱ्याला दिसली असती.

अर्धा सारांश पसरल्याचा परिणाम मात्र झाला तो झालाच. जर्नल्सनी ऑब्झर्वेशनल पेपरमध्ये कारण, परिणाम, मुळे हे शब्द वापरायला बंदी किंवा बंदीसारखंच केलं, फक्त संबंध आढळला असं लिहा. नियम चांगल्या हेतूचा होता, वर्तमानपत्रातल्या मथळ्यांना लगाम बसावा म्हणून. पण झालं असं की लेखक प्रस्तावनेत संबंध म्हणतात आणि शेवटच्या परिच्छेदात सल्ला देतात की अमुक कमी खा, तमुक गोळी सुरू करा. आता नुसता संबंध असेल तर खाणं बदलून काय होणार? २०१८ ला एका एपिडेमिऑलॉजिस्टने हे जाहीरपणे लिहिलं, की तुमचा प्रश्न कारणाचा आहे तर तसं म्हणा, नाहीतर कन्फाउंडर ॲडजस्ट (त्यांचा असर हिशोबातून वजा) तरी कशाला करताय, नुसत्या संबंधाला ॲडजस्टमेंट लागत नाही. मला हे पटतं. ज्यांना पटत नाही त्यांचं म्हणणं असं की मुभा दिली की सगळेच कारण कारण करत सुटतील, आणि पेपरांचा दर्जा बघता ही भीती काही अगदी खोटी नाही. २०२४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन जर्नलने या विषयावर दीर्घ लेख आणि प्रतिक्रिया छापल्या, नियम सैल करावा का म्हणून, एकमत काही झालं नाही.

वर्गात या बंदीने एक आयता मुद्दा दिला. लेखकांनी 'मुळे' लिहिलं, चूक, दोन मार्क. त्यात २००७ ला रिपोर्टिंगची २२ मुद्द्यांची चेकलिस्ट आली होतीच. ती बनवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की ही पेपर कसा लिहावा यासाठी आहे, अभ्यासाचा दर्जा मोजायला नाही. तरी बहुतेक ठिकाणी ती मार्किंग शीट झाली, कारण वीस ग्रुप तपासायचे असतात आणि टिकमार्क करणं सोपं. फंडिंग लिहिलंय का, हो. मिसिंग डेटाचं काय केलं ते लिहिलंय का, नाही. झाली टीका. त्या हिशोबाने १९९१ चा नर्सेसचा पेपर बऱ्यापैकी पास होईल.

गेल्या काही वर्षांत काही कोर्सेसनी असाइनमेंटचा ढाचाच बदललाय. पेपर मांडायच्या आधी विद्यार्थ्याने लिहून द्यायचं की याच प्रश्नासाठी ट्रायल करता आली असती तर ती कशी असती, कोण पात्र, उपचार काय, दिवस पहिला कुठला, किती काळ बघायचं, आणि मग पेपर त्या ट्रायलपासून कुठे कुठे सरकतो ते. उणीव सांगितली की तिची दिशा पण सांगायची, आकडा एकाकडे (म्हणजे काहीच फरक नाही याकडे) ढकलतो की एकापासून लांब, आणि जमलं तर १९५९ सारखा हिशोब, किती मोठा लपलेला घटक लागेल. पंधरा मिनिटांत दोनच मुद्दे होतात असं शिकवणारे म्हणतात, आणि मुलांची तक्रार असते की आधी दहा व्हायचे. २०२५ मध्ये अशा ट्रायलची नक्कल करणाऱ्या अभ्यासांसाठी पण रिपोर्टिंगची चेकलिस्ट आली आहे, तिची मार्किंग शीट व्हायला किती सेमिस्टर लागतात ते बघायचं.