वर्ग घुमतो, म्हणून शब्द हरवतात

शिक्षकांनी ‘साठ’ म्हटलं आणि शेवटच्या बाकावर ‘आठ’ पोहोचलं, तर गणित चुकणारच. मग कुणी मुलांच्या लक्षाला नावं ठेवतं, कुणी शिक्षकांच्या आवाजाला. बऱ्याचदा दोष खोलीचा असतो.

रिकाम्या वर्गात उभं राहून एक सणसणीत टाळी वाजवून बघा. टाळीनंतर आवाज रेंगाळला, तर वर्ग घुमतोय. गुळगुळीत गिलावा, फरशी, काचा, सिमेंटचं छत यांतलं काहीच आवाज पीत नाही. तो आपटून परत फिरतो आणि आधीच्या अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर चढतो. स्वर जोरकस असल्याने तगतात. स, फ, त ही व्यंजनं मुळातच क्षीण, ती झाकली जातात. मोठी माणसं निसटलेला शब्द संदर्भाने भरून काढतात. लहान मुलांना, कमी ऐकू येणाऱ्यांना किंवा ती भाषा नव्याने शिकणाऱ्यांना ते तितकंसं जमत नाही.

आवाज चढवून भागत नाही, कारण घुमाराही त्याच्याबरोबर चढतो. माइकचंही तेच. स्पीकर मागायला आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी छताकडे बघायला सांगतो. (धंद्याला हे बरं नाही, पण असो.)

आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने उतरायला जितका वेळ लागतो, तो घुमण्याचा काळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गासाठी तो सुमारे ०.६ सेकंद सांगितला आहे. त्याचा हिशेब वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने बसवला. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा आवाज शोषून घ्यायला त्याने नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणून मोजमापं घेतली होती. सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले एकूण शोषण. (शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात: एक चौरस मीटर म्हणजे सगळा आवाज पिणारा तेवढा पृष्ठभाग.)

समजा, वर्ग ८ बाय ७ मीटरचा, उंची ३ मीटर. घनफळ १६८ घनमीटर. भिंती, सामान आणि बसलेली मुलं मिळून १८ चौरस मीटर शोषण धरलं, तर काळ येतो दीड सेकंद. ०.६ वर यायला ४५ हवं, म्हणजे २७ कमी पडतं. छताला किंवा भिंतीला लावायचं, आवाज शोषणारं चांगलं सच्छिद्र पॅनेल पडणाऱ्या आवाजातला ८५ टक्के पितं असं धरलं, तर अशी सुमारे ३२ चौरस मीटर पॅनेलं लागतील. अर्ध्या छताहून थोडी जास्त.

सगळं छत झाकू नका. शिक्षकांच्या पुढचा मधला भाग उघडा राहू द्या. तिथून आवाज उसळून मागच्या बाकांपर्यंत जातो. पॅनेलं कडांना आणि मागच्या भिंतीच्या वरच्या भागात लावा. पातळ फेल्ट फक्त वरच्या पट्टीचा आवाज पितं. ५० मिलिमीटर जाडी आणि मागे थोडी पोकळी असेल, तर खालची पट्टीही आवरते. अंड्यांचे ट्रे लावू नका. त्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही, आणि पेट घ्यायला वेळ लागत नाही. पॅनेलांवर रंगही मारू नका, छिद्रं बुजतात.

बाहेरचा गोंगाट पॅनेलांनी अडत नाही. त्याला दाराखालची फट बुजवणं आणि खिडक्या नीट बंद होणं हाच उपाय. कुरकुरणारा पंखा दुरुस्त करा, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या घाला. यासाठी आम्हाला बोलवायची गरज नाही.

काम कुणाकडूनही करून घ्या, पण आधीची आणि नंतरची मोजणी कागदावर मागा. नंतरची मोजणी रिकाम्या वर्गात झाली की मुलं बसलेली असताना, तेही त्यावर लिहून घ्या.